पाहुण्याचा रेझ

१

हातात दोन राजे आलेले असताना कोणी ते टाकून देतं का? डोकं फिरलेला माणूससुद्धा देणार नाही. पण 'पाहुणा' या नावाने खेळणाऱ्या त्या प्राण्याने ते टाकले होते. आणि टाकले कधी, तर माझ्या हातात दोन एक्के होते तेव्हा.

हे मला कळलं रविवारी दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी. मी लॅपटॉपसमोर बसले होते.

ऑनलाइन पोकर न खेळणाऱ्यांनी घाबरू नये, दोन मिनिटांत सांगते. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती ज्याची त्यालाच दिसतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. या सातांतली ज्याची पाच भारी, तो जिंकला. मधे मधे चिप्स लावायच्या. समोरच्यापेक्षा जास्त लावल्या की तो रेझ, तेवढ्याच लावल्या की कॉल, आणि धीर सुटला की पानं टाकून गप्प बसायचं. हातात येणाऱ्या जोड्यांत दोन एक्के सगळ्यांत भारी, त्यांच्या खालोखाल दोन राजे. म्हणजे टेबलावर एकही पान उघडायच्या आत दोन राजे टाकणाऱ्याला एक गोष्ट आधीच माहीत असावी लागते. माझे एक्के.

आमच्या साइटवर फायनलच्या डावांचा रिप्ले दहा मिनिटांनी दाखवतात, सगळ्यांची पानं उघडी करून. तीनशे जणांतून आता दोघंच उरलो होतो, मी आणि पाहुणा. शेवटच्या झुंजीआधी पंधरा मिनिटांची सुट्टी होती. सहज म्हणून रिप्ले लावला आणि तोंडचं पाणी पळालं.

मी भारी पानं घेऊन बसले की पाहुणा पानं टाकून मोकळा. मी फुसकी पानं घेऊन आव आणला की पाहुण्याचा रेझ आलाच, तोही सत्ती-दुर्रीसारख्या कचऱ्यावर. एकदा नाही, नऊ वेळा. इतका वेळ मी त्याला नशीबवान समजत होते. कसलं नशीब, तो चक्क माझी पानं बघत होता.

फक्त मधली पंधरा मिनिटं वेगळी होती. सव्वातीन ते साडेतीन. तेवढ्यात तो चार माणसांसारखा खेळला, चुकला, दोनदा माझ्या भारी पानांवर येऊन आपटला. साडेतीननंतर पुन्हा त्याला सगळं दिसायला लागलं.

"ठमे, चेहरा का उतरला गं?" आत्याने समोरून विचारलं.

"कोणीतरी माझी पानं बघतंय."

तिच्या हातातला ब्रश थांबला. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

२

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही दात बनवतो. घराची पुढची खोली हीच आमची लॅब. कवळ्या, कॅप, ब्रिज, डॉक्टर साचा पाठवतात आणि आम्ही दात पाठवतो. मी कपाटाकडे पाठ करून बसते. ते काचेच्या दारांचं उंच कपाट, आत प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. माझ्या समोर आत्याचं टेबल आणि आत्याच्या पाठीमागे रस्त्यावरची खिडकी. गेली एकोणीस वर्षं ही मांडामांड इंचभर हललेली नाही.

आत्याने मला आणि धाकट्या भावाला वाढवलं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तो तीन. आत्याने स्वतःचं काही केलं नाही, आमचंच केलं. पुढे मला हाताला धरून काम शिकवलं. दातांच्या रंगात तिचा हात कोणी धरणार नाही. तुम्हा-आम्हाला पांढरा तो पांढरा. तिला त्यात सोळा पांढरे दिसतात, तेही खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला.

माझं वय एक्केचाळीस. लग्न केलं नाही, म्हणजे जमलं नाही, पुढे राहूनच गेलं. पोकर तीन वर्षांपूर्वी लागलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कळलं की जबडे सोडून मला दुसरंही काही येतं. या फायनलचं बक्षीस म्हणजे परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत एक जागा, जाण्यायेण्याचं तिकीट आणि सहा आठवडे राहायची सोय. मी घरात जाहीर करून टाकलं होतं, जिंकले तर जाणार आणि सहा आठवड्यांनी परत येईनच असं नाही. आत्या हसून म्हणाली होती, "जा गं, माझी काय काळजी करतेस."

आणि आता कोणीतरी माझ्या पानांत डोकं घालून ती जागा माझ्या हातातून काढून घेत होतं.

साइटच्या तक्रार खिडकीत घाईघाईने चार ओळी लिहिल्या. ठरलेलं उत्तर आलं, तक्रार मिळाली, सामना संपल्यावर तपास होईल. म्हणजे वरातीनंतर घोडं. सामना सोडून उठले तर हरलेच. चोर मलाच शोधायचा होता आणि हातात अकरा मिनिटं होती.

माझी स्क्रीन कोणाकोणाला दिसू शकते? पहिलं नाव मनात आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

३

धाकट्याने फोन उचलला तेव्हा मागे नुसता गलका होता. त्याच्या मुलीची पोहण्याची स्पर्धा होती, मला माहीत होतं.

"तू माझ्या लॅपटॉपमध्ये ते काहीतरी टाकलंयस ना? घरी बसून दुरुस्त करता येतो ते?"

"हो, मागच्या वर्षी. का, परत अडकला?"

"त्यातून तुला माझी स्क्रीन दिसते?"

"दिसते की. दिसल्याशिवाय दुरुस्त काय करणार, कपाळ?"

"आणि फोनवरूनही दिसते?"

"दिसते." मग त्याचा आवाज बदलला. "ताई, काय झालंय ते नीट सांग."

मी सांगितलं.

"सव्वातीन ते साडेतीन तुझा फोन कुठे होता?" मी विचारलं.

"लॉकरमध्ये. पालकांची शर्यत होती, मी पाण्यात होतो. शेवटून दुसरा आलो, तेही सांगू का?"

पाहुणा आंधळा झाला होता तीच पंधरा मिनिटं.

"ताई, तू मला चोर म्हणतेयस?"

"मी विचारतेय."

"तू विचारत नाहीयेस. लहानपणी तू माझ्या वाटणीचा मार खाल्ला आहेस. मी तुझी पानं बघेन? बघू तरी कशाला, मला राजा मोठा का गुलाम तेसुद्धा आठवत नाही." त्याने फोन ठेवला.

त्याच्या आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. पण दुखावल्याचं सोंगही आणता येतं, हे पोकरनेच मला शिकवलं होतं. सख्ख्या भावाबद्दल मी असा विचार करत होते.

"काय म्हणाला?" आत्याने विचारलं.

"चिडला."

"चिडणारच. घरातल्या माणसावर असा संशय घेतात का?" भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवून तिने डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा खाली ओढला.

४

दुसरा फोन मास्तरांना. ते गणिताचे निवृत्त शिक्षक, मला पोकर शिकवतात. आठवड्यातून तीन दिवस ते माझी स्क्रीन आपल्या घरी उघडून बसतात आणि स्पीकरवरून माझी हजेरी घेतात. "बाई, हा कॉल कशासाठी केलात? दयाबुद्धीने?" असली त्यांची भाषा. समोर आत्या दात घासत असते. म्हणजे गिऱ्हाइकाचे.

"राजे टाकले ना त्याने?" हॅलो म्हणायच्या आत ते बोलले.

मी सटपटले. "तुम्हाला कसं कळलं?"

"रिप्ले बघतोय. तुमच्यासारखाच, दहा मिनिटांनी. बाई, फायनलमध्ये शिकवणाऱ्याने स्क्रीन बघायची नसते. मी ती काल रात्रीच बंद केली आणि तुम्हाला तसं कळवलंही होतं. वाचलं नसेल."

नव्हतंच वाचलं. फोनमध्ये ते पडून होतं.

"पण पुन्हा उघडता येते की तुम्हाला."

"येते. त्यामुळे माझ्यावरही संशय घ्या, मला राग नाही. सव्वातीनला मी कुठे होतो विचाराल, तर खुर्चीतच घोरत होतो. त्याला साक्षीदार नाही." मग म्हणाले, "कोण बघतंय याच्यामागे धावू नका. कसं बघतंय ते शोधा. प्रत्येक रेझ काहीतरी सांगत असतो. ते त्याला कुठून कळलं, हे शोधलंत की माणूस आपोआप सापडेल."

फोन ठेवून मी खिडकीपाशी गेले आणि पडदा बाजूला केला. समोरच्या पहिल्या मजल्यावर फोटोवाल्याचं दुकान आहे. तोही त्याच साइटवर खेळतो, दोनदा माझ्याकडून हरलाय आणि दोन्ही वेळा आठवडाभर बोलला नव्हता. तो बाल्कनीत बसून हातभर लांब लेन्स पुसत होता.

"काय हो, त्यातून आमच्या घरातलं दिसत असेल नाही?" मी सरळच विचारलं.

"दिसतं की. सकाळपासून खिडकी उघडी होती तेव्हा तुमच्या लॅपटॉपची पाठ दिसत होती. त्याच्यावर प्लास्टर सांडलंय, ते पुसा जरा." मग तो हसला. "आणि साडेतीनपासून तर तुमचा पडदा ओढलेला. पडद्यातून काय दिसणार मला, डोंबल?"

"आणि समजा स्क्रीन तुमच्या बाजूला असती तर?"

"तरी एवढ्या लांबून बारीक काही वाचता आलं नसतं, ताई. मोठे आकडे कळतात आणि रंग कळतात. बारीक चिन्हं, अक्षरं वगैरे नाही."

मी पडदा ओढून घेतला. दोन मिनिटं उरली होती आणि हाताला काही लागलं नव्हतं. पण त्याचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना.

आमच्या साइटवर पानं अख्खीच्या अख्खी रंगवलेली असतात. इस्पिक काळं, बदाम लाल, चौकट निळी, किलवर हिरवं. वर आकडा हा मोठा, कोपऱ्यातलं चिन्ह मात्र मुंगीएवढं. सगळेजण रंगावरूनच ओळखतात. हे चार रंग बदलून दोन करता येतात. मग इस्पिक आणि किलवर दोन्ही काळी, बदाम आणि चौकट दोन्ही लाल. हा बदल आपल्यापुरता असतो, समोरच्याच्या स्क्रीनवर काही फरक पडत नाही.

मी कोणालाही न सांगता दोन रंग करून टाकले. माझ्या स्क्रीनच्या आतून बघणाऱ्याला चिन्हं स्वच्छ दिसणार, तो फसणार नव्हता. लांबून बघणारा मात्र फसेल. तसा लांबून बघणारा कोणी आहे की नाही, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

५

झुंज सुरू झाली. माझ्याकडे पाहुण्यापेक्षा थोड्या जास्त चिप्स होत्या. पहिले काही डाव मिळमिळीत गेले.

मग माझ्या हातात किलवरचा एक्का आणि किलवरची सत्ती आली.

टेबलावर पहिली तीन पानं उघडली. किलवरचा गुलाम, किलवरची तिर्री, इस्पिकची दश्शी. माझी दोन धरून चार किलवर झाली. आणखी एक आलं की पाचही एकाच चिन्हाची, म्हणजे फ्लश. मी चिप्स लावल्या, पाहुण्याने कॉल केला. चौथं पान बदामची दश्शी. दोघंही थांबलो.

पाचवं पान किलवरची दुर्री.

फ्लश झाला, तोही एक्क्याचा. याच्यावरचा दुसरा फ्लश असूच शकत नव्हता. मला भीती फक्त एका गोष्टीची होती. टेबलावर दश्शांची जोडी होती, तिच्या आधाराने पाहुण्याचं फुल हाउस झालं असेल, म्हणजे एकाची तीन आणि दुसऱ्याची दोन पानं, किंवा चारही दश्शा जमल्या असतील, तरच मी मेले.

मी नेहमीच्या बेताने चिप्स लावल्या.

पाहुण्याचा रेझ आला. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चिप्स.

स्क्रीनवर घड्याळ सुरू झालं. नव्वद सेकंद. कॉल करून हरले तर माझ्याकडे चार-दोन चिप्स उरणार होत्या, म्हणजे घरी बसायचं. कॉल करून जिंकले तर परदेशातली जागा माझी. पानं टाकली तर अर्ध्याहून जास्त चिप्स गमावून पुढे रडतखडत खेळायचं.

माझी पानं माहीत असलेला माणूस माझ्यावर सगळं लावत होता. इतर कोणाचा रेझ असता तर मी डोळे मिटून कॉल केला असता. याच्या रेझने मात्र माझी दातखीळ बसली.

६

मास्तर म्हणाले होते, कसं बघतंय ते शोधा.

समजा तो लॅपटॉपच्या आतून बघतोय. म्हणजे भाऊ किंवा मास्तर. त्यांना किलवरचं चिन्ह दिसतंय, माझा फ्लश माहीत आहे. फ्लश माहीत असून जो सगळं लावतो त्याच्याकडे फुल हाउस आहे. तर पानं टाकायची.

समजा तो लांबून बघतोय. त्याला माझ्या हातात काळा एक्का आणि काळी सत्ती दिसतेय. चार रंगांची सवय झालेल्याला काळं म्हणजे इस्पिक. टेबलावर इस्पिकचं पान एकच. म्हणजे त्याच्या हिशेबाने माझ्याकडे काहीही नाही आणि तो मला धमकावून हाकलतोय. तर कॉल.

याचा अर्थ पानांचं उत्तर हवं असेल तर आधी चोराचं नाव हवं होतं. सत्तर सेकंद.

सव्वातीन ते साडेतीन तो आंधळा होता. भाऊ पाण्यात होता, मास्तर झोपले होते, दोघंही तंतोतंत बसत होते. पण त्याच वेळात या खोलीत काय झालं होतं? सव्वातीनला मी उठून कपाटातले मेणाचे साचे हलवले होते. रोजच हलवते. त्या वेळी खिडकीतून ऊन येऊन कपाटाच्या काचेवर पडतं आणि मेण वितळतं. आणि साडेतीनला मी पडदा ओढला होता.

ऊन आलं तेव्हा चोर आंधळा झाला. पडदा ओढला तेव्हा पुन्हा डोळस झाला. लॅपटॉपच्या आतून बघणाऱ्याला उन्हाशी काय देणंघेणं? आणि रस्त्यापलीकडून बघणारा असता, तर पडदा ओढल्यावर आंधळा व्हायला हवा होता. इथे सगळं उलटं घडलं होतं. बघणारा पडद्याच्या आत होता.

पन्नास सेकंद.

माझ्या पाठीमागे काचेचं कपाट. काचेत माझ्या स्क्रीनचं प्रतिबिंब. उन्हाची तिरीप पडली की काच नुसती चकाकते, प्रतिबिंब पुसून जातं.

पडदा ओढायला मला कोणी सांगितलं होतं? "ठमे, ऊन डोळ्यावर येतंय गं."

तिच्या पाठीमागे खिडकी आहे. पाठीमागचं ऊन डोळ्यावर कसं येईल? समोरच्या काचेवरून येईल. टेबलावरचा दात सोडून कोणी त्या काचेकडे टक लावून बघत बसलं असेल, तरच येईल.

खोलीत दोनच माणसं होती आणि त्यातली एक मी होते.

खरं सांगते, मला त्या क्षणी धक्का बसला असं म्हणणंसुद्धा थोडं आहे. सात वर्षांची असल्यापासून जिच्या कुशीत झोपले, ती बाई समोर बसून माझी पानं चोरत होती? माझं मन आडवं पडून नाही म्हणत होतं. आत्याला पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पण तीन वर्षं मास्तरांचा प्रत्येक धडा स्पीकरवर, तिच्यासमोर झाला होता.

तरी एक शंका उरली. आत्याची नजर ती. कोपऱ्यातलं मुंगीएवढं चिन्ह भिंगाच्या चष्म्यातून तिने वाचलं असलं तर? तर माझा फ्लश तिला कळला असणार आणि माझा कॉल चुकणार. तीस सेकंद.

मग तिनेच शिकवलेलं आठवलं. आकार मोजपट्टीने घ्यायचा, दोनदा, तीनदा मोजायचा. रंग मात्र पहिल्या नजरेत घ्यायचा आणि लगेच मान वळवायची. दुसऱ्यांदा बघितलं की डोळा थकतो आणि भलताच रंग सांगतो. या नियमावर तिचं उभं आयुष्य गेलं होतं. दुसरा कोणीही चोर चिन्ह तपासायला पुन्हा बघेल. आत्या बघणार नाही. तिने काळं पाहिलं, मनात इस्पिक म्हटलं आणि नजर काढून घेतली.

मी मान वर केली. तिच्या एका हातात ब्रश होता, पण ब्रशाखाली दात नव्हता. दुसरा हात टेबलाखाली होता. भिंगाचा चष्मा माझ्या डाव्या खांद्यावरून मागे बघत होता.

पाच सेकंद उरले असताना मी कॉल दाबला. त्याच क्षणी मला कळलं की हे बटण म्हणजे तिच्यावरचा आरोप आहे आणि तो आता मागे घेता येणार नाही.

७

पाहुण्याची पानं उघडली. बदामची राणी, बदामची नव्वी. साधी जोडीसुद्धा स्वतःची नाही. गुलाम आणि दश्शीच्या आधाराने काही जुळतंय का म्हणून थांबलेला, न जुळल्यावर धमकी दिलेली.

माझ्या लॅपटॉपवर अभिनंदनाचा मोठा फलक आला. आत्याच्या टेबलाखालून हरलेल्याची बारीकशी धून वाजली.

तिने फोन वर काढून टेबलावर ठेवला. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"काळा होता," ती म्हणाली. "मी बघितला, काळाच होता."

"मी रंग बदलले होते, आत्या."

तिने ब्रश खाली ठेवला. मग म्हणाली, "हुशार आहेस."

"तू फायनलपर्यंत आलीस कशी?"

"खेळून. काल वेगवेगळ्या टेबलांवर होतो आपण, तिथे कोणाची पानं दिसणार मला? तुझ्या मास्तरांचं सगळं ऐकलंय मी. चांगलं शिकवतात."

तीनशे माणसांना तिने सरळ खेळून मागे टाकलं होतं. फसवलं फक्त मला. हे ऐकून मला जास्त लागलं.

"तुला जायचंय का तिकडे?"

"मला काय करायचंय विमानात बसून?" तिने चष्मा काढला. डोळे लाल होते. "तू हरशील, चार दिवस रडशील आणि पाचव्या दिवशी या खुर्चीवर येऊन बसशील, एवढंच हवं होतं मला. तू गेलीस की मी या खोलीत कोणाशी बोलू, जबड्यांशी?"

"मला सांगायचं होतंस, जाऊ नकोस म्हणून."

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

मी उत्तर द्यायच्या आत लॅपटॉप वाजला. साइटचं पत्र होतं. मीच केलेल्या तक्रारीचा तपास पूर्ण झाला होता. पाहुणा आणि मी एकाच छताखालून खेळलो, असं त्यांना आढळलं. कोणी कोणाला फसवलं यात आम्ही जात नाही, नियमाप्रमाणे दोन्ही खाती बंद. जागा तिसऱ्या आलेल्या खेळाडूला.

मी ते दोनदा वाचलं. चोर मी पकडला होता, डाव मी जिंकला होता आणि माझी जागा माझ्याच चार ओळींनी घालवली होती.

"काय आलंय?" आत्याने विचारलं.

मी वाचून दाखवलं.

तिच्या तोंडून "अरेरे" निघालं. पण तिचे खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली, श्वास मोकळा झाला. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते तिला लपवता आलं नाही आणि मला न बघितल्यासारखं करता आलं नाही. दिवसभरात बसलेल्या सगळ्या धक्क्यांत हा मोठा होता.

"जाऊ दे," ती हळूच म्हणाली. "उद्या त्या डॉक्टरांचे दोन ब्रिज द्यायचेत. ऊठ, तोंड धू."

"उद्या मी नसेन, आत्या."

"अगं, जागा गेली ना?"

"जागा गेली. मी तरी जाणार आहे. दात कुठेही बनवता येतात, तूच शिकवलंस."

ती खुर्चीचा हात धरून बसून राहिली. मला रडू येत होतं आणि तिच्याजवळ जावंसंही वाटत होतं. मी गेले नाही.

मी धाकट्याला फोन लावला. तीन वेळा त्याने उचलला नाही. चौथ्यांदा उचलला.

"चुकले मी," मी म्हणाले. "तू नव्हतास."

"ते मला माहीतच होतं." आवाज अजून दुखावलेलाच होता. मग थोडा निवळला. "सापडला का? कोण होतं, ताई?"

मी टेबलाला वळसा घालून गेले आणि फोन आत्याच्या हातात दिला.

"तूच सांग त्याला," मी म्हणाले.

तिने फोन कानाला लावला. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पलीकडून धाकटा विचारत राहिला, "ताई? हॅलो? कोण होतं?"